जुलियाचं थांबणं

आर्थरने व्हायोलिनचा गज उचलला तेव्हा मी साहेबाच्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात, नोकरांच्या घोळक्यात उभा होतो. आज त्याचं नाक कापलं जाणार, हे त्या बंगल्यात फक्त मला माहीत होतं.

"हा वॉल्ट्झ मी स्वतः बांधलेला आहे," पाहुण्यांसमोर वाकून तो म्हणाला.

खरं तर तो मी बांधलेला होता. माझी बायको जुलिया डाव्या पायाने लंगडायची. दर तिसऱ्या पावलाला क्षणभर थांबायची. त्या थांबण्यावरच मी ती चाल बांधली. आर्थर आमचा बँडमास्तर. गोड बोलून म्हणाला, "मॉरिस, परत वाजव. कागदावर उतरवून ठेवतो, नाहीतर विसरशील." उतरवून झाल्यावर त्याने मला बँडमधून काढलं. कारण काय, तर मला सुरांचा कागद वाचता येत नाही. त्याच साली जुलिया गेली. तिच्या मागे उरलेली एवढी एकच गोष्ट, तीही या हरामखोराने पळवली. त्याला माफ केलं, असं मी चर्चमध्ये फादरना दर पापकबुलीला सांगायचो. खोटं सांगायचो.

मग चार वर्षं मी ती चाल वाटत सुटलो. माजिवडे, उथळसर, चेंदणी. लग्न कुणाचंही असो, आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला निघाल्या की मी तीच वाजवायचो. शेजारच्या सुझाना मावशीने तिला शब्द लावले. चालीतल्या जुलियाच्या थांबण्यावर मात्र बायका थांबत नसत. डोक्यावर भरली कळशी घेऊन कोण थांबतंय? मी तिकडे काणाडोळा केला. मला सूड हवा होता.

आर्थरचे दहा-बारा सूर झाले नाहीत तोच साहेबाच्या मुलांची आया गुणगुणायला लागली. मग धोबीण, मग माळ्याची बायको. बघता बघता अख्खा व्हरांडा गायला लागला. मडमेने आयाला बोलावून विचारलं.

"मडम, हे आमचं पान्याचं गाणं हाय," आया सरळ म्हणाली. "लग्नान गातो आमी."

मडमेला हसू आवरेना. मग पाहुणेही हसले. आर्थरची नजर मला शोधत आली, आणि मी टोपी काढून त्याला सलाम केला. एवढं गार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्याने समोरचा त्या चालीचा कागद टराटरा फाडला. महिन्याभरात तो ठाणं सोडून गेला.

पुढचं लग्न उथळसरला होतं. विहिरीवर एका नव्या सुनेने मला अडवलं.

"बाबा, तू मदीच अडकतंस. चाल चुकते तुझी."

"चुकत नाय गो. माझीच चाल हाय ती. माझे जुलियासाठी केलेली."

ती हसली. "काय बोलतंस? ही आमचे आजीची."

तेव्हा मला तो फाटलेला कागद आठवला. जुलियाचं थांबणं जसंच्या तसं लिहिलेलं होतं, ते फक्त त्या चोराच्या कागदावर.

कळशा भरून झाल्या होत्या. बायका माझ्यासाठी खोळंबल्या होत्या.

"वाजव ना, बाबा," सून म्हणाली.

मी तारांवर गज टेकवला आणि कुठेही न थांबता वाजवत त्यांच्या मागून चालू लागलो.