दोरी कुणी तोडली?

मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाची नव्हे, मित्रांनो, गळाची. मासे पकडायच्या काठीच्या बुडाशी मला बसवतात. माझ्यावर दोनशे हात नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते. मासा गळाला लागून पळाला, की मी कर्रर्र आवाज करत ती सोडते; माझी मूठ फिरवली, की परत गुंडाळून घेते. माझ्या पोटात एकावर एक बसवलेल्या पातळ चकत्या आहेत. तो माझा ब्रेक. दोरी केव्हा धरायची आणि केव्हा सोडायची, हे त्यांच्या हाती. त्या नीट फिरत असल्या, तर बारीकशा दोरीवर माणसाच्या वजनाचा मासाही आणता येतो.

माझा जन्म जपानमधला. कारखान्यात एका बाईंनी मला कानाशी धरून फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. मग एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या ट्रंकेतून मी मुंबईला आले आणि १९७६ साली चोरबाजारातल्या एका दुकानातून श्यामसुंदर कर्णिकांनी मला घेतलं.

घेतलं, पण सहजासहजी नाही. त्यांनी मला हुंगलं, हलवून पाहिलं, भिंगातून माझ्यावरची अक्षरं वाचली. "नक्कल तर नाही ना?" असं दुकानदाराला तीनदा विचारलं. कर्णिक वाशीच्या नव्या वसाहतीत राहत आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. माणूस वाईट नव्हता. पण शेजारी हसून बोलला, की याला काय हवं असेल, असं त्यांच्या मनात येई. दूधवाला वेळेवर आला, तरी ते दूध दोनदा निरखत.

त्यांच्याच कारखान्यात हिरामण नावाचा फिटर होता. जवळच्याच शिरवणे गावचा. त्याच्या घरची शेतं सरकारनं नोटीस देऊन नव्या शहरासाठी घेतली आणि तो पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन नोकरीला लागला. रविवारी तो खाडीवर हातदोरी, म्हणजे काठीशिवायची नुसती गळाची दोरी, टाकून बसे. कर्णिकही मला घेऊन तिथे जाऊ लागले. दोघांची मैत्री अशीच जमली, चिखलात पाय सोडून बसता बसता.

"फिरकी भारी हाय, सायेब," हिरामण एकदा म्हणाला. "पन खारं पानी हिच्या पोटात जातं. मधून मधून उघडून धुवायला पायजे."

त्यानं मला एकदा घरी नेलं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून माझा एकेक भाग सुटा केला, गोड्या पाण्यानं धुतला, पुसला, तेल दिलं. त्याची आई गोजरा शेजारी बसून सुकट निवडत होती. "घड्याल हाय का काय रं?" तिनं विचारलं. "घड्यालापेक्षा नाजूक हाय, आये," तो म्हणाला. इतक्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं.

पण मी परत आले, तेव्हा कर्णिकांना माझा एक स्क्रू जास्त चकचकीत दिसला. त्याच्यावरचा गंज निघाला होता, इतकंच. ते हिरामणला काही बोलले नाहीत. घरी वैजयंतीबाईंना मात्र म्हणाले, "आतलं काहीतरी काढून घेतलंय त्यानं. दुसरं घातलं असणार."

"मग उघडून बघा ना," त्या म्हणाल्या. "इंजिनियर आहात तुम्ही."

कर्णिकांनी उघडून पाहिलं नाही. त्यांनी बायकोची नखं रंगवायची बाटली घेतली आणि माझ्या प्रत्येक स्क्रूवर लाल थेंब दिला. पुन्हा कुणी मला उघडलं, तर रंग तुटेल आणि चोरी कळेल, असा त्यांचा हिशेब. रंग कधीच तुटला नाही. चार वर्षं मला कुणी उघडलंच नाही. दर रविवारी खाडीचं पाणी आत शिरत राहिलं. बाहेरून कर्णिक मला फडक्यानं पुसत. मी चमकत होते.

१९८२ च्या डिसेंबरात कर्णिकांच्या आतेभावाचं, डॉक्टर सुधीरचं पत्र आलं. तो लक्षद्वीपच्या एका बेटावर सरकारी दवाखान्यात होता. 'इथे पोवळ्याच्या खडकापाशी कोकर जातीचे प्रचंड मासे आहेत. ये,' असं त्यानं लिहिलं होतं. कर्णिकांनी परवाने काढले आणि हिरामणलाही बरोबर घेतलं. समुद्र जाणणारा माणूस सोबत हवा होता.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. सुधीरला दवाखाना सोडता येईना, म्हणून होडीत तिघंच होते: कर्णिक, हिरामण आणि एक म्हातारा नावाडी. बेटाभोवतीचं पाणी इतकं नितळ, की खाली होडीची सावली वाळूवरून सरकताना दिसत होती. मग पांढऱ्या लाटांची एक ओळ आली. तिथे पोवळ्याचा खडक संपत होता, आणि त्यापलीकडे पाणी एकदम शाईसारखं काळंनिळं.

माझ्या दोरीला एक लाकडी मासा बांधला होता, पोटाखाली दोन गळ लावलेला. तो लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा. पाण्यावर तो फसफस उडत येई. दोन तास कर्णिक फेकत राहिले. काही लागेना.

"हा नावाडी मुद्दाम रिकाम्या जागी आणतोय," ते हळूच म्हणाले. "चांगल्या जागा आपल्या माणसांसाठी राखून ठेवल्या असतील."

"सायेब, भरती चढू द्या की," हिरामण म्हणाला. तो सुरीनं आमिषाचे तुकडे करत होता. त्यानं स्वतःची हातदोरीही पाण्यात सोडली होती.

भरती चढली आणि लाकडी माशाच्या मागे पाणी फुगलं. एक रुंद, काळसर पाठ दिसली. मग धोंडा पडावा तसा आवाज झाला आणि लाकडी मासा नाहीसा झाला.

मी किंचाळले. कधी नव्हे इतक्या वेगानं दोरी पळाली. कर्णिकांचे गुडघे होडीच्या काठावर आपटले. हिरामणनं मागून त्यांचा पट्टा धरला. "धरा, सायेब! कोकर हाय! आपल्या खाडीतल्याचा आजा हाय ह्यो!" त्या घटकेला दोघंही लहान मुलांसारखे हसत होते.

पण माझ्या पोटात काहीतरी बिनसलं होतं. चकत्या मध्येच अडकत होत्या, झटक्यानं सुटत होत्या, पुन्हा अडकत होत्या. चार वर्षांचं मीठ त्यांच्यामध्ये दगडासारखं बसलं होतं. मासा एकदा वर आला. परातीएवढी रुपेरी कूस उन्हात चमकली आणि त्यानं तोंड फिरवून खडकाच्या दिशेनं धाव घेतली. होडीही त्याच्यामागे ओढली जाऊ लागली. नावाडी ओरडून फुटणाऱ्या लाटांकडे बोट दाखवू लागला.

"ब्रेक सैल करा! दोरी जाऊ द्या!" हिरामण म्हणाला.

कर्णिकांनी माझ्या ब्रेकची कळ फिरवली. सैल झालं, असं त्यांना वाटलं. माझ्या आत काहीच हललं नाही. तेवढ्यात हिरामणची हातदोरी कर्णिकांच्या पायाला गुरफटली. ती तोडायला त्यानं पट्टा सोडला आणि सुरी उचलली.

टक्!

दोरी तुटली. कर्णिक मागे आपटले. उठून वळले, तर समोर हिरामण, आणि त्याच्या हातात सुरी.

"तू कापलीस."

"नाय, सायेब. तुमच्या पायात माजी दोरी—"

"मला दिसतंय ना! घाबरलास. नाहीतर बघवलं नाही तुला."

"आयची शप्पत, मी हात लावला नाय."

नावाड्याची नजर लाटांवर होती. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. कर्णिकांनी दोरीचं उरलेलं टोक माझ्यावर गुंडाळलं, खोबणीत खोचलं आणि मला पिशवीत टाकलं. कोचीनपर्यंतच्या जहाजात ते दोघं दोन टोकांना बसले.

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं. अडकले होते मी. पण कबूल करते, हिरामणकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. माझी अब्रू वाचली. ज्या एकट्या माणसानं मला नीट जपलं होतं, त्याच्या नावावर माझी चूक गेली, आणि मला ते सोयीचं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यात फोरमनची जागा निघाली. हिरामणचं नाव सर्वांत वर होतं. वरच्या साहेबांनी कर्णिकांचं मत विचारलं. घरी येऊन त्यांनी वैजयंतीबाईंना सांगितलं, "मी खरं तेच बोललो. म्हटलं, हा भरवशाचा माणूस नाही."

"सुरी चालवताना पाहिलंत का तुम्ही त्याला?" बाईंनी विचारलं.

"हातात होती."

"ते नाही विचारलं मी."

कर्णिक उठून हात धुवायला गेले. जागा दुसऱ्याला मिळाली. काही महिन्यांनी हिरामणनं नोकरी सोडली.

मी माळ्यावर पडून होते. तीन वर्षांनी सोसायटीत रंगकाम निघालं, तेव्हा वैजयंतीबाईंनी मला खाली काढलं. "भंगारात देऊ का?" कर्णिकांनी माझी मूठ फिरवून पाहिली. ती जागची हलेना. तेव्हा कुठे त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला.

लाल थेंब जसेच्या तसे होते. त्यांनी ते स्वतःच्या हातानं फोडले. आत चकत्यांचा एकच गोळा झाला होता, पांढरा, मिठानं सांधलेला.  मग काहीतरी सुचून त्यांनी खोबणीतलं दोरीचं टोक काढलं आणि भिंगाखाली धरलं. सुरीनं कापलेली दोरी सरळ, स्वच्छ तुटते. हे टोक ताणून बारीक झालेलं, पांढुरकं, पिळवटलेलं होतं. इंजिनियरला ते ओळखायला क्षणही लागला नाही. इतकी वर्षं ते टोक त्यांच्याच घरात होतं.

"अहो, काय झालं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"मी पाहिलंच नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते मला रुमालात बांधून शिरवण्याला गेले. दारात गोजरा होती. तिनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "कोन पायजे? आता कसली नोटीस आनलीस?"

"नोटीस नाही, आई. हिरामणला भेटायचंय."

तिनं दार अर्धवट लोटलं आणि आत हाक मारली. हिरामण आता पाण्याचे पंप दुरुस्त करत असे. तो बाहेर आला, हात काळे झालेले. कर्णिकांनी रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. साहेबांपुढे काय बोललो, तेसुद्धा. 

हिरामणनं माझ्या चकत्यांवर नख ओढलं. "मला तवाच कललं व्हतं. आवाजानं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"खारं पानी पोटात जातं, धुवायला पायजे, ते आधीच सांगितलं व्हतं, सायेब. तुमी ऐकलं नाय."

कर्णिक म्हणाले, "मी कारखान्यात जाऊन सगळं खरं सांगतो. लेखी देतो."

"द्या. माज्यासाठी नको, मी काय परत येत नाय तिथं. पन माजं नाव खराब झालंय, ते साफ करून द्या."

"देतो. आणि हिवाळ्यात पुन्हा बेटावर जाऊ, हिरामण. आपण दोघं."

 गोजरानं आणलेला चहा हिरामणनं आधी पाहुण्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "मी नाय येनार. समुद्रात एकमेकांकडं पाठ करून बसता आलं पायजे. ते आता आपल्याला जमायचं नाय."

चहा संपवून कर्णिक उठले. मला तिथेच ठेवून गेले. दोन दिवसांनी त्यांनी कारखान्यात कबुली लिहून दिली आणि तिची नक्कल गोजराच्या हाती नेऊन ठेवली.

हिरामणनं मला आठवडाभर रॉकेलमध्ये भिजवलं आणि चकत्या एकेक करून सोडवल्या. एक मोडली. तिच्या जागी त्यानं पत्र्याची कापून घातली. आता मी पूर्वीसारखी सुरेल फिरत नाही, जरा खरखरते. पण दोरी सोडते. कर्णिक रस्त्यात भेटले, तर दोघं थांबून चार शब्द बोलतात. खाडीवर मात्र हिरामण एकटाच येतो.

मित्रांनो, वस्तू बाहेरून पुसून चमकवू नका. उघडा, धुवा, तेल द्या. आणि एखाद्या माणसाबद्दल मनात शंका आली, तर ती वर्षानुवर्षं साठवू नका. त्याच दिवशी त्याच्यासमोर बसा, विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. माझी मोडलेली चकती पत्र्यानं भरून निघाली. हिरामणच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे.