कुंभाराचा फुकटचा जाळ

कुंभाराचा हिशेब सरळ होता. एक भट्टी म्हणजे अकरा मोळ्या, आणि एक मोळी म्हणजे टेकडीची एक फेरी. फेऱ्या बायकोच्या, कारण कुंभाराचे गुडघे लग्नाच्या दिवसापासून नाजूक. आता बायकोची कंबर धरली होती, लाकूड संपलं होतं आणि दीडशे कच्ची मडकी पडवीत वाट बघत होती. एक पाऊस शिरला असता तर त्यांची पुन्हा माती. अशा वेळी परसात भुईतून फुकटचा जाळ निघाला! अकरा फेऱ्या वाचल्या, बायकोची बोलणीही वाचली.

झालं होतं असं, की परसात हातभर लांब भेग पडली होती. बायकोनं तिच्यात धुणवणी ओतलं तर बुडबुडे आले. तिनं चुलीतलं कोलीत जवळ धरलं, आणि भप्पकन् निळा जाळ!

विहिरी खोदणारा शेजारी येऊन उकिडवा बसला. "इथं पूर्वी तळं होतं. पालापाचोळा गाळात गाडला गेला, कुजला, त्याचा हा वायू. वरची चिकणमाती घट्ट, ती त्याला सोडत नाही. भेग मिळाली की तीच त्याची वाट. अन् खाली भेगेला भेग मिळालेली असते बाबा. आज इथं निघेल, उद्या तिथं."

"आमच्यात निघालाय," कुंभार म्हणाला. "आता कशाला जातोय कुठं!"

कुंपणापलीकडून थोरल्या भावाची बायको डोकावली. "भाऊजी, थोडा इकडं द्या की. दूध तापेल एवढाच."

"वहिनी, ज्याचं परस त्याचा वायू."

"हो का? भुईला विचारलंत?"

कुंभारानं भेगेवर पत्र्याचं पिंप पालथं घातलं, कडा चिखलानं लिंपल्या, बुडाला भोक पाडून नळी खोचली आणि ती भट्टीत नेली. जाळ लागला, पण वीतभर. एवढ्यानं मडकं काय, कुंभाराच्या मिशाही भाजल्या नसत्या. मग त्याचं डोकं चाललं, आणि ते चाललं की घरात सगळे जपून असत. पाणी ओतलं तेव्हा बुडबुडे आले ना? म्हणजे जास्त पाणी, जास्त वायू!

पिंपाभोवती आळं करून तो घागरी ओतू लागला. गुडघे कुठं गेले होते कोण जाणे. जाळ बोटभर झाला, त्यानं घागरी वाढवल्या. जाळ वातीएवढा झाला, त्यानं आणखी वाढवल्या. पाचव्या दिवशी जाळच नाही. पिंप उचललं तर खाली जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत.

"अहो, इकडं या जरा," कुंपणापाशी उभी राहून बायकोनं हाक मारली.

वहिनीच्या कोरड्या अंगणातल्या भेगेवर एक बूड फुटलेलं मडकं पालथं होतं. त्यातून हातभर जाळ फुरफुरत होता आणि वर दूध उतू जात होतं.

विहीरवाला हसून लोळायचा बाकी. "अरे, पाण्यानं वायू होतो होय? तो येतच होता, पाण्यात फक्त दिसला. चिकणमातीला पाणी पाजलंस, ती फुगली, भेग मिटली. त्यानं दुसरी वाट धरली. हे तुला मी सांगायचं?"

कुंभारानं आपल्या बोटांकडं बघितलं. चाळीस वर्षं याच बोटांनी कच्च्या मडक्यांचे तडे ओल्या हातानं बुजवले होते. आजही तेच केलं, फक्त मडकं परसाएवढं होतं. आयुष्यात इतकं सफाईदार काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

"वहिनी," तो घसा खाकरून म्हणाला, "नळी भट्टीपर्यंत ओढली तर...?"

"ओढा की. पण तुम्ही हात लावलात की वायू पळतो, असं भुई म्हणते. तिलाच विचारलं मी." मग जावेला म्हणाली, "तू बस गं धाकटे. कमरेला शेक घे."

भट्टी आठवड्यानं लागली. पाणी कुंभाराचं गेलं आणि पिंपाला भोक पडलं तेही त्याचंच. शेक बायकोला मिळाला, दूध दोघी जावांनी प्यायलं. आणि टेकडीच्या अकरा फेऱ्या नाजूक गुडघ्यांनी भरल्या.