दाराच्या आतली रेघ

गोविंदरावांवर मी खोटा आळ घेतला. हे आरंभीच लिहून टाकतो, कारण त्यांचं चित्र रेखाटताना माझी लेखणी माझ्यासाठी एखादी सोयीची सावली शोधत जाईल, अशी मला भीती वाटते.

ते आठवतात ते एखाद्या शांततेसारखे. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत दहाचं ऊन भिंतींवरून उतरून रस्त्यावर आलेलं, फुलवालीची हाक, बसचा भोंगा, ओल्या मोगऱ्याचा आणि डिझेलचा एकमेकांत मिसळलेला वास. आणि या कोलाहलात माझ्या गाडीच्या डाव्या सीटवर बसून, दाराच्या आतल्या अंगाला कान लावून, डोळे मिटलेले गोविंदराव. बोट काचेच्या बटणावर. वीणेची तार जुळवणारा माणूस असाच सगळ्या जगाला क्षणभर बाहेर थांबवून ठेवत असेल.

घराणं तंजावरचं, बोली तिथलीच मराठी, तमिळ हेलानं झुलणारी. मी पुण्याहून बदली होऊन याच शहरातल्या अड्यारच्या बँकेत आलेला. इथल्या आमच्या मराठी मंडळातली बहुतेक कुटुंबं गाडीची वीज बिघडली की त्यांच्याकडेच जात. मी त्या सकाळी, डावी काच कशी अर्ध्यात अडकते, सहकारी काचेची मोटर बदला म्हणतात, असं बरंच काही सांगत होतो. त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, “बँकेंत तुम्ही बोला, सार. इथें काचेला बोलूं द्या.”

बटण दाबताना ते गाडीच्या छतातल्या दिव्याकडे पाहत. दिवा किंचित मंद झाला, तर मोटर धडपडते आहे, तिला कुठंतरी अडवलेलं आहे. मंद झालाच नाही, तर विजेची हाक तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही. माझ्या गाडीचा दिवा जसाच्या तसा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर वैद्याला नाडी सापडल्यावर यावा तसा निवांतपणा पसरला.

“मोटर बरी आहे. दुखणें वायरींत आहे.”

त्यांचा एक नियम होता. काम चालू असताना मालकानं तिथंच बसायचं. कॉफीलासुद्धा उठू द्यायचे नाहीत. समोर एक धुतलेलं पांढरं धोतर अंथरून, दारातून निघणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक खिट्टी ते निघेल त्या क्रमानं त्यावर मांडत जात; दार पुन्हा मिटलं की धोतर कोरं झालं पाहिजे. त्या मांडणीत पूजेचा संथपणा होता. बोटं काळवंडलेली, नखं मात्र स्वच्छ कापलेली, आणि स्क्रू फिरवताना मान इतकी हलकी कललेली, की जणू लोखंडालाही दुखू नये याची काळजी.

दाराचं अस्तर निघालं आणि ते थांबले. आतल्या पत्र्यावर एक आडवी रेघ होती, वाळलेल्या गाळाची, करडी आणि सरळ. वायरींच्या जोडावर तांबं हिरवं पडलं होतं. गोविंदरावांनी रेघेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

“इथवर पाणी आलें होतें. ही गाडी पुरांत उभी होती, सार. आज ही काच दुरुस्त करतों, उद्यां दुसरें कांहीं निघेल. कोणाकडून घेतलांत?”

“मित्राकडून,” मी म्हणालो. “तो मला असं फसवणार नाही.”

“तसें म्हणतां तर तसें.” त्यांनी जोड घासून स्वच्छ केला, तुटकी तार बदलली. काच एका लयीत वर गेली.

महिन्याभरात ती पुन्हा थांबली. सदानंद, माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, ज्याच्याकडून ती गाडी घेतली होती, हसत म्हणाला, “माझ्याकडे होती तोवर कधी अडकली नाही. चांगली मोटर काढून जुनी बसवली असणार त्यानं.” आणि मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की तिरुवल्लिकेणीच्या त्या माणसाकडे गाडी देऊ नका, तो सुटे भाग बदलतो. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं धोतर होतं. त्यावर मोटर कधी आलीच नव्हती. हे ठाऊक असूनही मी लिहिलं. मैत्रीवर संशय घेण्यापेक्षा एका कारागिरावर घेणं मला सोपं वाटलं.

त्यांचा एकदाच फोन आला. “सार, तुम्ही असें लिहिलांत म्हणे?” “जे वाटलं ते लिहिलं,” मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

पाऊस येऊन गेला. मग मागची काच बंद पडली, मग दारांची कुलुपं. तांबरमच्या एका गॅरेजमध्ये सगळी अस्तरं निघाली, आणि चारही दारांच्या आत तीच रेघ, एकाच उंचीवर. मी सदानंदला विचारलं. तो चहा ढवळत म्हणाला,

“सांगितलं असतं, तर घेतली असतीस का?”

वीस वर्षांचा स्नेह त्या एका प्रश्नानं ओसरला. पण त्या जळजळीखाली दुसरं काही होतं, अधिक थंड: सदानंदनं मला फसवलं ते मला नकळत, मी गोविंदरावांवर आळ घेतला तो डोळे उघडे ठेवून. तरी त्या गल्लीत पाऊल टाकायला मला आणखी एक वर्ष लागलं.

गेलो तेव्हा ते एका रिक्षाचा दिवा दुरुस्त करत होते. मराठी मंडळींच्या गाड्या आता तिथं थांबत नव्हत्या. दुकानासमोरची जागा सावलीसकट मोकळी होती. रिक्षावाला आणि शेजारचा इस्त्रीवाला माझ्याकडे पाहू लागले. गोविंदरावांनी मला ओळखलं, हात पुसले, आणि माझी अवघड अवस्था ओळखून म्हणाले, “आंत या, सार. आंत बोलूं.”

त्या सौजन्यानं मी अधिकच खाली गेलो. काळ माणसाच्या अपराधावर धूळ टाकतो, पण ज्याची माणसं निघून गेली त्याच्या अंगणातली पोकळी तो भरत नाही. मी पायरीखालीच उभा राहिलो. ग्रुपवर सकाळीच लिहून आलो होतो, तेच आता, त्या दोघांना कळावं म्हणून आधी मोडक्या तमिळमध्ये, आणि मग त्यांच्याकडे पाहून मराठीत म्हणालो, “गोविंदराव, तुम्ही मोटरला हात लावला नव्हता. मी समोर बसून पाहत होतो. तरी मी खोटं लिहिलं. मला क्षमा करा.”