वाचकाच्या चुका

तिलमानने पान उलटलं आणि उंच चौथऱ्यावरून नजर जरा खाली टाकली. भोजनगृहात मठाचे तेवीस जण ओळीने बसून वाटाण्याचं सूप पीत होते. म्हणजे खरं सांगायचं तर बावीस जण ते घशाखाली लोटत होते, आणि म्हातारे ब्रदर गुमार तेवढे जेवत होते. चमचा तोंडात गेला की ते तो खाली ठेवत, हात मांडीवर घेत, आणि घास पुरता बारीक होईपर्यंत डोळे मिटून बसत. मग पुन्हा चमचा. पन्नास वर्षं त्यांनी मठाची भाजीची बाग सांभाळली होती. ज्याच्यापायी कंबर मोडली, ते न चावता गिळायचं त्यांना जिवावर येई.

जेवताना कुणी बोलायचं नाही, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत. सध्या एका जुन्या दर्यावर्दीचं प्रवासवर्णन चाललं होतं. जहाज उत्तरेकडच्या बर्फात अडकलं होतं. त्या दिवसाचं वाचन जिथे संपायचं, ती फितीची खूण आली, तिलमानने पुस्तक मिटलं. मठप्रमुख फादर आमांद यांनी लाकडी हातोडी टेबलावर दोनदा वाजवली आणि सगळे उठले. गुमारांच्या ताटात बटाटे निम्मे तसेच होते. त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं आणि तेही उठले.

वाचणाऱ्याचं जेवण मागाहून, स्वयंपाकघरात. आचारी ब्रदर योस तिथे गुमारांचं ताट हातात घेऊनच उभा होता.

“बघ, उंदराने कुरतडल्यासारखं! परवा टर्नहाउटहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सहा किलोंनी उतरलेत. महिनाअखेरीपर्यंत आणखी घटले, तर वर आजाऱ्यांच्या खोलीत हलवा म्हणाल्या.”

“तिथे निदान निवांत जेवतील.”

“एकटे? भिंतीकडे तोंड करून? अरे, काल माझा हात धरून म्हणाले, ‘योस, मला पंगतीतून उठवलंत ना, तर मी जेवणारच नाही.’ आणि ते उगाच बोलणारे नव्हेत.”

“मग फादरनी थांबावं की दहा मिनिटं.”

“थांबले होते ना मागे, तू सर्दीने पडला होतास तेव्हा. सगळे हाताची घडी घालून बसले, आणि सगळ्यांचे डोळे यांच्या ताटात. कानापर्यंत लाल झाले बिचारे. चमचा ठेवला तो ठेवलाच.” योसने तिलमानपुढे ताट आदळलं. “आणि तू मेल्या असा वाचतोस, की मागे कुत्रं लागलंय. स्वतःला गरम जेवण मिळावं म्हणून!”

“अकरा वर्षांत माझ्यावर एकदाही हातोडी वाजलेली नाही,” तिलमान फणकारला.

वाचणारा चुकला की फादर हातोडी एकदाच वाजवत, आणि त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. बाकी सगळ्यांवर ती वाजली होती. तिलमानवर नाही.

“हातोडीचं काय लोणचं घालायचंय?” योस म्हणाला आणि भांड्यांकडे वळला.

योसचं बोलणं खरं होतं, म्हणूनच ते लागलं. त्या दिवशी तिलमानला बटाटे गोड लागले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तो सावकाश वाचू लागला. त्याने फार तर दोन मिनिटं वाढली. त्याहून रेंगाळला असता तर मयताची प्रार्थना वाटली असती. आणि तेवढ्यानेही पनीरघर सांभाळणारा ब्रदर बाल्डविन घड्याळाकडे बघायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी गुमार पाव मोडत होते, ते बघण्याच्या नादात तिलमानची एक ओळ सुटली.

टक्!

तिलमानच्या अंगाला दरदरून घाम फुटला. वाक्य पहिल्यापासून वाचता वाचता त्याने खाली पाहिलं, तर बावीस माना वर झालेल्या, बावीस तोंडांवर आनंद. गुमारांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात त्यांचे दोन घास जास्त झाले होते.

चौथ्या दिवशी त्याने जहाज दक्षिणेला नेलं. टक्! वीस खलाशांचे दोनशे केले. टक्! कप्तानाच्या हाती दुर्बिणीऐवजी सुरई दिली, तेव्हा बाल्डविनला रुमाल तोंडात कोंबावा लागला. दर्यावर्दीची वाक्यं हातभर लांब, हे त्यातल्या त्यात बरं होतं. तिलमान चुकण्यासाठी मुद्दाम लांबच वाक्यं निवडी. घड्याळ सगळे विसरले.

“काय तिलमान, आता चष्मा बदला की!” बाल्डविनने व्हरांड्यात गाठून चिमटा काढला.

तिलमानला ते झोंबलं. चांगलंच झोंबलं. सबंध मठात ज्या एका गोष्टीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती त्याने आपल्याच हाताने मातीत घातली होती. पण शुक्रवारी गुमारांनी पावाच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसलं, तो तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला, आणि मगच दोन ठोके पडले.

शनिवारी फादर आमांद यांनी तिलमानला बोलावून घेतलं.

“आज पाच चुका. काल चार.”

“वय झालं, फादर.”

“अकरा वर्षांत एकही नाही, आणि वय झालं ते एकदम या आठवड्यात?” फादरनी चष्मा काढला. “शिवाय सूप संपेपर्यंत तुम्ही चोख वाचता. चुका होतात त्या बटाटे वाढल्यावर.”

तिलमान बुटांकडे बघत राहिला. खोटं बोलणं पाप, आणि खरं बोलावं तर म्हाताऱ्याची लाज उघडी पडणार. आता वाचन जाणार हे त्याला दिसत होतं. आपल्या जागी कुणी धडधडा वाचणारा आला, की गुमारांचं ताट पुन्हा अर्धं राहील, आणि मग वरची ती खोली.

“काढून घ्यायचं तर घ्या,” तो एकदम म्हणाला, “पण महिना तेवढा संपू दे, फादर. पाया पडतो.”

फादरनी चष्मा पुन्हा चढवला.

“मी इथे नवा आलो तेव्हा एक रिवाज होता,” ते म्हणाले. “पुढे बंद पडला. वाचणारा चुकला, की त्याने खाली उतरायचं, सगळ्यांच्या मधोमध येऊन गुडघे टेकायचे, क्षमा मागायची, मग वर जाऊन वाक्य पुन्हा वाचायचं. उद्यापासून तो परत सुरू करतोय.”

तिलमानचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर! त्या बाल्डविनसमोर!

“फादर, नऊ पायऱ्या आहेत. आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. एकदा टेकले की उठायला फार वेळ लागतो मला.”

“ठाऊक आहे,” फादर आमांद म्हणाले. “अजिबात घाई करू नका.”