फुलदाणीपुढचं मरण

सुरेखाबाईंना लेकाने बजावून आणलं होतं. "आई, सिनेमा चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही. आजही लोक मधेच उठून गेले, तर माझा क्लब बुडाला म्हणून समज."

लेक म्हणजे प्रबोध. परदेशात, तांजोंग पगारला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि शनिवारी ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डो-सोसायटीच्या हॉलमध्ये जुने इंग्रजी सिनेमे दाखवून मराठी मंडळींना शहाणं करणारा. मंडळी समोशांपुरती येत, समोसे संपले की पांगत.

आजचा सिनेमा हॉलिवूडचा, गाण्यांचा, बोलपट नुकते निघाले तेव्हा कुणीतरी फाटक्या खिशाने काढलेला. त्याआधी प्रबोधचं भाषण. भाषण संपेस्तोवर समोसे संपले.

सिनेमात श्रीमंताच्या महालात जो मागचा पडदा, तोच गरिबाच्या खोलीत, नुसता उलटा टांगलेला. माइक म्हणे फुलदाणीत लपवायचे. त्यामुळे नायिका प्रियकराकडे पाठ करून फुलदाणीशीच लाडीगोडी करत होती. सुरेखाबाईंनी तोंडाला पदर लावला. तिकडे मंडळींतल्या विक्रांतला एकदम फोन आला, अनघाला मुलीचा क्लास आठवला. लॅपटॉपपाशी प्रबोधचा चेहरा पडला.

मग नायिकेची आई मरायला टेकली. फुलदाणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला! म्हातारी खाटेवरून उठली, तुरुतुरु फुलदाणीपाशी आली, खड्या आवाजात गायली, परत जाऊन पांघरूण ओढलं आणि मेली.

गळा मात्र असा, की आपण कुठे बसलोय हेच सुरेखाबाई विसरल्या. सांगलीत संगीत नाटकं बघत वाढलेली बाई ती. हात वर करून ओरडली, "वन्समोर!"

आईने हुकूम सोडला की आधी हात चालायचा, मग डोकं, ही प्रबोधची लहानपणापासूनची खोड. त्याने सिनेमा मागे नेला. मेलेली म्हातारी टुणकन उठून पुन्हा फुलदाणीकडे निघाली.

हॉलभर हशा उसळला. "काकू, आणखी एकदा मारा तिला!" म्हणत विक्रांत दारातून परत येऊन खुर्चीत बसला. अनघाचा क्लासही बुडाला. शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

दिवे लागल्यावर प्रबोध फुरंगटून म्हणाला, "एवढ्या अभिजात कलेचा पार तमाशा केलास."

"क्लब राहिला ना?"

"राहिला," तो पुटपुटला. "पुढच्या वेळी तुला पहिल्या रांगेत बसवा म्हणतायत."

"बसेन की. आणि तुझ्या भाषणाला कुणी वन्समोर दिला नाही, तेवढं ध्यानात ठेव."