देवाने विचार केला

आवाजाच्या धंद्यात श्वासाला किंमत नसते. वाचणाऱ्याने मध्येच घेतलेला दम, ओठांचा चुटकारा, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची कुरकुर, सारे कापून काढायचे आणि उरलेले शब्द असे सांधायचे की टाका कुठे पडला ते कानाला कळू नये, हे भाच्याचे काम होते. स्टुडिओत त्याला सगळे शिंपी म्हणत. इतरांचे बोलणे बेतून देणारा हा माणूस स्वतः मात्र बोलण्याच्या बाबतीत कमालीचा कवडीचुंबक होता. चार माणसांत उभा केला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. त्याचे मामा त्याला मौनीबुवा म्हणत.

"मौनीबुवा, तुझं लग्न ठरलं की मला आधी कळव. तुझ्या वतीनं 'हो' म्हणायला कुणीतरी लागेल."

मामांचा आवाज हेच मामांचे भांडवल. सारे आयुष्य रंगमंचावर गेले, तेही विनोदी कामांत: विसरभोळा नोकर, भित्रा पहारेकरी, बायकोला घाबरणारा न्यायाधीश. लोकांनी पोट धरधरून हसून घेतले आणि घरी जाताना नमस्कार मात्र गंभीर कामे करणाऱ्या नटांना केला. ही सल मामांनी कधी बोलून दाखवली नाही. पण घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट पाहत असता ते भाच्याला म्हणाले, "जायच्या आधी या आवाजाला एकदा तरी देवाच्या कामाला जुंपायचं होतं रे. आजवर नुसता उंडारला."

प्रार्थनासभा चालवणाऱ्या संस्थेला त्या सुमारास आपल्या ग्रंथाचे रेकॉर्डिंग करून हवे होते. ज्यांचे डोळे गेले, जे अंथरुणाला खिळले, त्यांना घरबसल्या ऐकता यावे म्हणून. काम भाच्याच्या स्टुडिओकडे आले आणि भाच्याने जन्मात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडून कुणाचे तरी नाव सुचवले. शस्त्रक्रियेआधी मामांनी सारा ग्रंथ वाचून संपवला. काचेपलीकडे बसून ते वाचत, काचेअलीकडे भाचा कानांवर हेडफोन चढवून ऐके, आणि दिवसेंदिवस दाटत चाललेल्या त्या आवाजात आपले सारे बालपण हळूहळू मावळत चालले आहे असे त्याला वाटत राही.

संस्थेच्या कार्यालयात नमुन्यादाखल एक अध्याय ऐकवायचे ठरले. लांब टेबल, त्यावर पाण्याचे ग्लास, भिंतीला लोखंडी कपाटे. मधोमध अध्यक्ष बसले होते. पूर्वी ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि ते बोलू लागले की ऐकणारा अजूनही नकळत ताठ बसे. शेजारी खजिनदार, गोल चेहऱ्याचे, चष्मेवाले. भाच्याने साधकाचा अध्याय लावला, कारण तो लहान होता. एवढ्यावरून त्याने तो निवडला आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

ग्रंथातली ती कथा अशी. एका साधकाने देवापाशी मागणे मागितले, की मी प्रार्थनेस बसलो असता कोणी येऊन मला उठवू नये. देवाने ते दिले. पुढे बऱ्याच काळाने देव स्वतःच त्याच्या भेटीस आला व त्याने दार वाजवले. आतून साधकाने विचारले, कोण आहे? देव म्हणाला, ज्याला तू हाका मारीत आहेस तो. साधक म्हणाला, मग नंतर ये. आत्ता मी हाका मारीत आहे. देवाने विचार केला. आणि तो पायरीवर बसला. तेव्हा शेजारीण बाहेर आली. तिने देवाला ओळखले नाही. ती म्हणाली, रिकामा बसला आहेस, तर एवढ्या शेंगा सोल. देवाने शेंगा सोलल्या. संध्याकाळी साधकाने दार उघडले तेव्हा पायरीवर टरफले होती. देव शेजारणीकडे जेवत होता.

मामांनी यातले अक्षरही बदलले नव्हते. आवाजात हेल नाही, नक्कल नाही, सरळ गंभीर वाचन. फक्त 'देवाने विचार केला' एवढे म्हणून ते थांबले होते. पुष्कळच थांबले होते. टेबलाभोवतीची माणसे स्पीकरकडे पाहू लागली. बंद दारासमोर उभा असलेला, काय करावे न सुचलेला देव त्या शांततेत हळूहळू सगळ्यांना दिसू लागला. आणि मग मामांचा आवाज अगदी साधेपणाने म्हणाला, "आणि तो पायरीवर बसला."

खजिनदारांना हसू फुटले. पाण्याचा घोट तोंडात होता, तो ठसक्याबरोबर समोरच्या कागदांवर आला. "माफ करा, माफ करा," म्हणत ते चष्मा पुसू लागले आणि पुसता पुसता पुन्हा खुदखुदले.

अध्यक्ष हसले नाहीत. रागावलेही नाहीत. ते भाच्याला म्हणाले, "हे असं चालायचं नाही."

"पण शब्द एकही इकडचा तिकडे नाही हो," खजिनदार म्हणाले.

"तेच तर. शब्द बदलला असता तर त्यावर बोट ठेवता आलं असतं." अध्यक्षांनी समोरचा ग्लास बाजूला सारला. "हसण्याशी माझं वैर नाही. पण हसू आलं की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झालेला माणूस उठून चालू लागतो. ग्रंथानं त्याला धरून ठेवायला हवं. हा अध्याय पुन्हा वाचून घ्या. नाही जमलं तर दुसरा वाचक बघू, सबंध ग्रंथासाठी. दोन आवाज बरे नाही दिसणार."

मामा पुन्हा वाचू शकणार नव्हते. ते दवाखान्यात दाखल झाले होते. भाच्याने हे सांगायला हवे होते. आणखीही बरेच सांगायला हवे होते. तो म्हणाला, "मी बघतो."

त्याने पाहिले ते असे. स्टुडिओतल्या संगणकावर एक सोय होती: ठरावीक मर्यादेपेक्षा लांब असलेली प्रत्येक शांतता ती आपोआप छाटून टाकी. एरवी ती जाहिरातींसाठी वापरत. भाच्याने ती साधकाच्या अध्यायावर चालवली, मग कच खाऊन सबंध ग्रंथावरही चालवली. न जाणो, आणखी कुठे देव विचार करीत उभा असेल! आणि मामांचे मूळ वाचन पुन्हा समोर यायला नको म्हणून नवे रेकॉर्डिंग त्याने जुन्याच्या जागीच साठवून टाकले. धंद्यातला कच्चा उमेदवारही अशी चूक करीत नाही. ती करताना त्याला हलके वाटले होते.

दुसऱ्या खेपेला कुणी हसले नाही. "आता कसा ग्रंथासारखा वाटतो," अध्यक्ष म्हणाले, आणि वाचन मंजूर झाले. खजिनदारांनी मात्र बाहेर पडताना विचारले, "हा अध्याय आधी जरा मोठा होता का हो?"

शस्त्रक्रिया पार पडून मामा घरी आले. गळ्याशी पांढरी पट्टी, हातात मुलांची असते तसली पाटी. बोलायचे ते त्यावर लिहीत. मामी दोघांचे मिळून बोलत.

"या घरात माझं वाक्य पुरं होतंय ते लग्नानंतर आत्ताच," त्या भाच्याला म्हणाल्या, आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मामांनी खूण करून ग्रंथ लावायला सांगितला. भाच्याला नाही म्हणायचे होते, पण नाही म्हणायला शब्द लागतात. साधकाचा अध्याय आला आणि गेला. मामांनी डोळे मिटून ऐकला. मग पाटीवर लिहिले: देव घाईत आहे.

भाचा खाली पाहू लागला. मामांनी पाटी पुसून पुन्हा लिहिले: बस चुकत होती का त्याची?

तेव्हा भाच्याने सगळे सांगितले. अडखळत, उलटसुलट, पण सगळे. संस्थेतली बैठक, छाटणी, आणि मूळ वाचन आता कुठेच शिल्लक नाही हेही. "तुमचा आवाज निदान राहावा म्हणून केलं," तो म्हणाला. "दुसरा वाचक आणणार होते ते."

दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या मामी म्हणाल्या, "अरे, सांगायचंस तरी! जीभ काय गहाण टाकली होतीस?"

मामांनी पाटी पुसली. मग त्यांनी लिहिले: शब्द आहेत ना सगळे?

"आहेत."

मग रडतोस काय, मामांनी लिहिले. गेलं ते मी बोललोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भाचा स्टुडिओत लवकर गेला. रेकॉर्डिंगमध्ये नुसती कोरी जागा सोडून भागत नाही. ती कानाला खड्ड्यासारखी लागते. जिथे वाचन झाले त्याच खोलीची शांतता भरावी लागते. त्याने माईक चालू केला, काचेपलीकडची खुर्ची रिकामी ठेवली आणि मामा नसलेल्या त्या खोलीचा आवाज टिपून घेतला. हेडफोनमध्ये तो ऐकताना त्याला जाणवले, की रिकामी खोली काही अगदीच गप्प नसते. कुणीतरी नुकतेच बोलून थांबावे तशी ती थोडीशी भरलेली असते. मग संगणक घेऊन तो मामांकडे गेला.

पद्धत आपोआप ठरली. भाचा वाक्य लावी. वाक्य संपले की मामा उजवा हात वर धरीत. हात वर असेतो भाचा शांतता भरत जाई. हात खाली आला की पुढचे वाक्य. कुठे तो हात लगेच पडे, कुठे निवांत तरंगत राही. एकदा भाच्याने घाई केली, तर मामांनी डोळे वटारले, आणि ते इतके त्या भित्र्या पहारेकऱ्याचे डोळे होते की भाचा मोठ्याने हसला. आजारपण सुरू झाल्यापासून त्या घरात कुणी असे हसले नव्हते. मामींनी स्वयंपाकघरातून विचारले, "काय झालं?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याही हसल्या.

साधकाचा अध्याय आला त्या दुपारी दारावर थाप पडली. मामांच्या प्रकृतीची चौकशी करायला खुद्द अध्यक्ष आले होते, हातात फळांची पिशवी. मामींनी दार उघडले, तेवढ्यात 'देवाने विचार केला' हे वाक्य संपले आणि मामांचा हात वर गेला. मामींनी तोंडावर बोट ठेवले. अध्यक्ष उंबऱ्याबाहेरच थांबले. बोलावे तर पंचाईत, आत यावे तर चपला वाजतील. रस्त्यावर कुणाची तरी बादली आपटली. हात खाली येईना. अध्यक्षांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खुर्चीतल्या माणसाच्या गळ्याची पट्टी त्यांना दिसली, आणि हवेत स्थिर राहिलेला तो हात दिसला. मग हात पडला.

"आणि तो पायरीवर बसला," संगणकातून मामांचा धडधाकट आवाज म्हणाला.

"तुम्हीही या हो, बसा," मामी म्हणाल्या.

अध्यक्षांच्या नाकातून एक आवाज निघाला. तो खोकला आहे असे दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मामी त्यांच्याकडेच बघत होत्या. ते आत येऊन बसले. खुर्ची भाच्याच्या अगदी शेजारी होती.

"हे आम्ही मंजूर केलेलं नव्हे," काही वेळाने ते म्हणाले.

"नाही," भाचा म्हणाला. त्याची जीभ टाळ्याकडे वळली होती, ती त्याने ओढून आणली. "ते मी बिघडवलेलं होतं. मामांचं हे. आवाज त्यांचा जितका, तितकंच थांबणंही त्यांचं."

अध्यक्ष पिशवीच्या बंदांशी चाळा करीत राहिले. "माझी आई हा अध्याय आम्हां भावंडांना वाचून दाखवायची," ते म्हणाले. "इथेच थांबायची. तोंडावर हात धरून. इतकी वर्षं मला वाटत आलं की तिला रडू येतंय."

"हसू आवरत असतील," मामी म्हणाल्या.

"असेल." त्यांनी मामांकडे पाहिले, मामांनी मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. "मंजूर झालेलं बदलायचं तर बैठकीत मला कारण द्यावं लागेल. काय सांगू?"

खोलीतले सगळे, सवयीने, मामांकडे वळले. पण पाटी मामांच्या मांडीवर पालथी होती आणि मामा भाच्याकडे बघत होते.

"सांगा," भाचा म्हणाला, "की आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये देवाला विचार करायला वेळच दिला नव्हता."

आता अध्यक्षांना खोकल्याचे निमित्त पुरले नाही. हसणे त्यांच्या अंगवळणी नसावे. खांदे आधी हलले, आवाज मागून आला. हसून झाल्यावर त्यांनी रुमालाने डोळे टिपले, रुमालाची नीट घडी घातली आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"सांगतो तसंच," ते म्हणाले. "लावा पुढे. शेजारीण शेंगा देते, तिथे किती थांबणार तुम्ही?"

मामांनी पाटी सुलटी केली. तिथे थांबायचं नाही, त्यांनी लिहिले. बाई कामात आहे.