माळ्यावरचा टेकू

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, एका सकाळी, सून शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली, मान खांद्यात घातली आणि शिवणयंत्राचा लोखंडी पाय पुन्हा एकदा वर ढकलला. तो पुन्हा त्याच तिरक्या लाकडात अडकला.

"आण खाली," नवरा शिडी धरून म्हणाला. "गोगलगायसुद्धा पाठीवर घर घेऊन यापेक्षा बरी चढते."

शिवणकामाला माळा चांगला ऐसपैस होता, कोरडा होता, उजेडही भरपूर. पण वर यायच्या तोंडाशीच भिंतीवरून निघून छपराच्या वाशाला टेकू देणारे एक जाड लाकूड तिरके उभे होते. घरातल्या प्रत्येकाने त्यावर कपाळ आपटून घेतले होते. सासूबाई त्याला 'माझी सासू' म्हणत. "वर जायचं तर आधी वाकायलाच लावते," असे त्यांचे म्हणणे.

दुपारी जेवताना मुलाने बापाकडे न बघता विषय काढला.

"ते लाकूड काढायला एखादा सुतार बोलावतो."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ते स्वतः सुतार. गावातली निम्मी दारे त्यांच्या हातची. अलीकडे मात्र बसण्याआधी ते खुर्ची चाचपून बघत, आणि चहाची कपबशी सासूबाई त्यांच्या हातातच देत. घरात याबद्दल कोणी काही बोलत नसे.

"सुतार बोलावतोस? आणि मी कोण?"

"तसं नाही बाबा. तुमचे डोळे..."

"माझ्याच छपराला दुसऱ्याचा हात लागला, तर उद्या मला खिळा ठोकायला तरी कोण बोलावील?"

सासूबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि भाजीचे ठरवावे तशा सुरात म्हणाल्या, "रविवारी करू. तू फक्त लाकडं वर दे रे."

रविवारी सासू-सासरे सकाळीच माळ्यावर गेले. मुलगा खालून लाकडे देत होता. सून तोंडाशी उभी राहून ती पुढे सरकवत होती. सासूबाई माप घेत आणि लाकडावर पेन्सिलीऐवजी सुरीने रेघ ओढत. सासरे नखाने ती रेघ शोधत, मग करवत ठेवत. टेकू होता त्याच्या वर, तीन वाशांच्या पोटाखाली, त्यांनी नवे आडवे लाकूड बसवले. त्याच्या दोन्ही टोकांना खांब दिले. खांब बरोबर भिंतींच्या डोक्यावर उभे केले, म्हणजे छपराचा भार सरळ भिंतीत उतरावा. खांबांखाली पाचरी ठोकल्या. तोवर जुन्या टेकूला त्यांनी बोटही लावले नव्हते.

मग सासऱ्यांनी करवत घेतली. भुसा एका लयीत पडू लागला. काप निम्म्यावर आला आणि करवत थांबली. मागेही येईना, पुढेही जाईना.

"करवत धरली," सासरे म्हणाले.

मुलगा शिडीवर चढलाच. "मी जोर लावू?"

"हात काढ! कोणी हलू नका."

कौलांच्या फटीतून धुळीची एक बारीक रेघ सुनेच्या हातावर पडली. तिने तो हात झटकलासुद्धा नाही.

"करवत धरली म्हणजे छपराचा भार अजून जुन्यावरच आहे," सासरे हळू आवाजात म्हणाले. "नव्यानं घेतलाच नाही पुरता. अगं..."

सासूबाई आधीच डावीकडच्या खांबापाशी बसल्या होत्या. हातोडीने पाचरीवर एक टिचकी मारून त्यांनी कान लावला.

"इकडची पोकळ वाजतेय."

"किती?"

"तुमच्या गुडघ्याइतकी."

"मग काही खरं नाही," सासरे म्हणाले, आणि त्या धुळीत चौघेही हसले.

सासूबाई पाचर ठोकत राहिल्या, सासरे मान कलती करून ऐकत राहिले. आवाज बद्द होता, तो हळूहळू घट्ट झाला, मग खणखणीत. करवत आपोआप सैल झाली. सासऱ्यांचा हात आता दमला होता. त्यांनी करवत बाजूला धरली. सासूबाईंनी ती घेतली. सासऱ्यांनी कापाशेजारी दोन बोटे टेकवली, आणि पुन्हा भुसा पडू लागला, तसाच, त्याच लयीत. सून बघतच राहिली. सासूबाई करवतीला धार लावतात, एवढेच तिला ठाऊक होते.

टेकू सुटला. खालचे टोक दोन ठोक्यांत भिंतीवरून निघाले. वर एक कौलही सरकले नाही.

मुलाने ते लाकूड खाली अंगणात उजेडात नेले. कापावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत अंगठा फिरवला, मग लाकूड बायकोच्या हातात दिले. तिनेही फिरवला. बापाचा हात कुठे संपला आणि आईचा कुठे सुरू झाला, ते दोघांनाही सापडले नाही.

"मी त्या माणसाला येऊ नकोस म्हणून सांगून येतो," मुलगा चपला घालत म्हणाला.

"कुठल्या माणसाला?" माळ्यावरून सासऱ्यांनी विचारले.

"कोणी नाही बाबा."

त्या माळ्यावर सुनेने पुढे गावातल्या शाळांचे गणवेश शिवले, दोन मुली वाढवल्या. नवरा कचेरीतून निवृत्त झाला, तरी माळ्यावर जाताना त्या जागी मान खाली घालायची त्याची सवय काही सुटली नाही. सासऱ्यांची नजर दोनेक वर्षांत पुरती गेली, पण कामे येत राहिली. ते निघाले की सासूबाई हत्यारांची पिशवी घेऊन बरोबर निघत. "जेवायचं भान नसतं हो यांना, म्हणून जाते," असे शेजारणींना सांगत. एका थंडीत सासरे झोपेतच गेले.

त्यानंतर काही दिवसांनी बाजाराच्या बाजूचा एक दुकानदार दाराशी आला. सून पुढे झाली.

"मामंजी गेले हो. सुतारकाम आता इथे होत नाही."

"कळलं मला. वाईट झालं," तो म्हणाला. जरा घुटमळला. "पण दाराचं काम होतं. बाई कधी मोकळ्या आहेत?"

सुनेने उंबऱ्यावरूनच आत वळून बघितले. आतून सासूबाईंचा आवाज आला.

"चौकट जुनीच ठेवायची का, विचार गं त्यांना."